विद्वानांचं गणित वर्गात येताना त्याचं नेमकं काय होतं, आणि त्यावरचं संशोधन आज कुठे आहे

प्रश्न असा होता: "एमएस्सी मॅथ्स झालंय, काही वर्षं शिकवतोय, आता गणितशिक्षणात पीएचडी करायची आहे. संशोधनातलं गणित वर्गात शिकवण्याजोगं कसं बनतं यावर सध्या काय काम चाललंय, आणि त्यात शिरायचं कुठून?" शिक्षक प्रशिक्षण आणि पाठ्यपुस्तकांचं विश्लेषण हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आधी एक समज काढून टाका, कारण जवळजवळ प्रत्येक नवीन रिसर्च स्टुडंट तो घेऊनच येतो. तो म्हणजे वर्गातलं गणित हे मोठ्या गणिताचं सोपं केलेलं रूप आहे, आणि आपण अभ्यास करायचा तो फक्त सोपं करताना कुठे चुका झाल्या याचा. तसं नाहीये ते. वर्गातलं गणित हे वेगळं ज्ञान असतं, वेगळ्या गरजेतून तयार झालेलं, त्याचे स्वतःचे नियम असतात, आणि या क्षेत्रातलं जे काही चांगलं काम आहे ते ही गोष्ट मनापासून मान्य करून सुरू होतं. विषयाचं रूढ नाव डिडॅक्टिक ट्रान्सपोझिशन, म्हणजे ज्ञान शिकवण्याजोगं होताना होणारं त्याचं रूपांतर. मूळ कल्पना फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मिशेल व्हेरे यांनी १९७५ मध्ये मांडली, गणितशिक्षणात ती फ्रेंच संशोधक ईव्ह शव्हालार यांनी आणली, १९८० च्या एका उन्हाळी शिबिरातली त्यांची व्याख्यानं आणि मग १९८५ चं पुस्तक, तिथून हे सगळं पसरलं.

शव्हालारांनी केलं काय, तर ज्ञानाच्या प्रवासाचे टप्पे वेगळे केले. संशोधकाचं ज्ञान, मग सिलॅबसमध्ये "हे शिकवा" म्हणून आलेलं ज्ञान, मग शिक्षकानं वर्गात खरोखर शिकवलेलं, आणि शेवटी मुलांच्या हाती लागलेलं. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचं काम शिक्षक करतच नाही, ते अभ्यासक्रम समित्या, पुस्तक लिहिणारे, परीक्षा मंडळं, आणि शाळेत काय शिकवावं यावर भांडणारे गणितज्ञ असे सगळे मिळून करतात, या सगळ्या मंडळींना त्यांनी नूस्फिअर असं नाव दिलं. ही विभागणी दिसायला साधी आहे पण तिनं एक मोठी गोष्ट झाली, वर्गात काही बिनसलं की शिक्षकाकडे किंवा मुलाच्या डोक्याकडे बोट दाखवायची जी सवय होती तिला पहिल्यांदा धक्का बसला. कारण निम्मा खेळ तर शिक्षक वर्गात पाय ठेवण्याआधीच झालेला असतो.

सुरुवातीचं गाजलेलं उदाहरण 'अंतर' या कल्पनेचं आहे. गणितज्ञ मॉरिस फ्रेशे यांनी १९०६ मध्ये अंतराची अमूर्त व्याख्या आणली ती कशासाठी, तर फंक्शन्सच्या संचासारख्या ठिकाणी 'जवळ' आणि 'लांब' याला अर्थ देता यावा म्हणून. १९७१ च्या फ्रेंच अभ्यासक्रमात तीच कल्पना शाळेच्या भूमितीत आली, आणि आली ती साध्या सरळ रेषेच्या संदर्भात! शव्हालार आणि त्यांच्या सहकारी मारी-आल्बेर्त जोशुआ यांनी १९८२ च्या लेखात हा प्रवास उलगडून दाखवला. रेषेवरच्या दोन बिंदूंमधलं अंतर काढायला फ्रेशेंच्या व्याख्येची काही गरज नाही, म्हणजे शब्द आला, चिन्हं आली, आणि ज्या प्रश्नासाठी ती जन्मली तो प्रश्न मात्र वाटेत गळून पडला.

हे "प्रश्न गळून पडणं" मला या सगळ्या थिअरीचा गाभा वाटतो आणि तुम्हालाही हाच धागा धरून वाचा असं सांगेन. एक उदाहरण जरा सावकाश बघू, लॉगरिदमचं. जॉन नेपिअर यांनी १६१४ मध्ये लॉगरिदम प्रसिद्ध केले ते खगोलशास्त्रातले आणि त्रिकोणमितीतले अवाढव्य गुणाकार बेरजेवर आणण्यासाठी. त्यांच्याकडे घातांकाची आजची कल्पना नव्हती, त्यांनी दोन रेषांवरून सरकणारे दोन बिंदू घेतले होते, एक समान वेगानं जाणारा आणि दुसऱ्याचा वेग उरलेल्या अंतराच्या प्रमाणात कमी होत जाणारा. लॉग म्हणजे घातांकाची उलटी क्रिया ही मांडणी ऑयलरच्या काळात, अठराव्या शतकात, पक्की झाली. आता आपलं कुठलंही पुस्तक उघडा, आधी घातांकाचे नियम, मग "y = aˣ असेल तर x ला y चा लॉग म्हणतात", मग तीन नियम, मग पन्नास गणितं. म्हणजे इतिहासात जे शेवटी आलं ते पुस्तकात पहिलं. डच गणितज्ञ हान्स फ्रॉयडेंथाल यांनी या उलटापालटीवर आयुष्यभर टीका केली, तयार झालेला निकाल मुलांसमोर सुरुवात म्हणून ठेवायचा आणि त्याच्यापर्यंत नेणारी वाट लपवायची.

पण गोष्ट इथेच संपत नाही. जोपर्यंत लॉग टेबलं वापरात होती तोपर्यंत ते प्रकरण निदान जिवंत होतं, मूल १७.३ चा लॉग काढायचं, दुसऱ्या आकड्याचा काढायचं, बेरीज करून अँटिलॉग बघायचं आणि त्याला गुणाकाराचं उत्तर मिळायचं, लॉग *कशासाठी* हे विचारायची वेळच यायची नाही. कॅल्क्युलेटर आला आणि रोजच्या व्यवहारातला तो उपयोग गेला. प्रकरण मात्र राहिलं. आता ते टिकून आहे कशाच्या आधारावर? पुढे कॅल्क्युलसमध्ये १/x चं इंटिग्रेशन येतं म्हणून, रसायनशास्त्रात पीएच आहे म्हणून, भूकंपाच्या आणि आवाजाच्या मोजपट्ट्या आहेत म्हणून. पण हे आधार त्या प्रकरणात बहुतेक वेळा एखाद्या चौकटीत "तुम्हाला माहीत आहे का" म्हणून येतात, गणितं त्यांच्यावर नसतात. एखादी कल्पना अभ्यासक्रमात कशाच्या आधारानं जगते, कुठला आधार गेला की ती मरते किंवा नुसती सांगाडा म्हणून उभी राहते, याच्या अभ्यासाला इकॉलॉजिकल ॲप्रोच म्हणतात आणि माझ्या मते नवीन माणसाला शिरायला हीच सगळ्यात चांगली जागा आहे.

१९९० नंतर शव्हालारांनी हीच थिअरी मोठी करून अँथ्रोपॉलॉजिकल थिअरी ऑफ द डिडॅक्टिक केली, सगळे एटीडी म्हणतात. तिचं मुख्य हत्यार म्हणजे प्रॅक्सिओलॉजी. कुठलंही गणिती काम चार भागांत बघायचं, कामाचा प्रकार कोणता, ते करायची रीत कोणती, ती रीत का चालते याचं स्पष्टीकरण काय, आणि त्या स्पष्टीकरणालाही आधार देणारा सिद्धांत कोणता. वाचताना वाटतं यात काय विशेष, पण हे घेऊन एखाद्या धड्यावर बसलात की धडा उघडा पडतो.

लिमिटचं बघा. स्पेनमधल्या उच्च माध्यमिक वर्गांवर बार्बे, बॉश, एस्पिनोझा आणि गास्कोन यांचं २००५ चं काम आहे, ते मी प्रत्येक नवीन विद्यार्थ्याला वाचायला देतोच. त्यांनी दाखवलं की लिमिटच्या नावाखाली दोन वेगळी गणितं एकत्र कोंबली आहेत. एक लिमिटचं बीजगणित, लिमिट आहे असं धरूनच चालायचं आणि ते काढायचं. दुसरं लिमिटचं टोपॉलॉजी, ते आहे की नाही हाच प्रश्न. आता नेहमीचं उदाहरण घ्या, x दोनकडे जाताना (x² − 4)/(x − 2). मुलगा अवयव पाडतो, x − 2 खोडतो, उरलेल्या x + 2 मध्ये २ घालतो, उत्तर ४. काम झालं. पण पान उलटून मागे जा, तिथे लिमिटची काटेकोर, एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या छापलेली असते, आणि या गणितात ती कुठेच लागलेली नाही. म्हणजे सिद्धांत एका गणिताचा आणि सराव दुसऱ्या गणिताचा, मधला स्पष्टीकरणाचा भाग रिकामा. एखादी हुशार मुलगी विचारते की "दोन घालता येत नाही म्हणूनच तर लिमिट काढत होतो ना, मग शेवटी दोनच का घातलं?" या प्रश्नाला त्या धड्यात उत्तरच नाही. शिक्षकाला येत नाही म्हणून नाही, तर त्याच्या हाती जे दिलंय त्यातच ते नाही म्हणून. शिक्षक किती अडकलेला असतो आणि त्याला अडकवणाऱ्या गोष्टी किती वरच्या पातळीवर ठरतात हे त्या पेपरमध्ये फार नेमकं दिसतं, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण शिक्षकांवर टीका करणारं संशोधन करायला काहीच लागत नाही.

आता ट्रेंड्सबद्दल. गेल्या वीसेक वर्षांत सगळ्यात जास्त वाढलेला भाग म्हणजे युनिव्हर्सिटी पातळी. आधी समज असा होता की ट्रान्सपोझिशन हा शाळेचा प्रश्न, कॉलेजात तर खुद्द गणितज्ञच शिकवतात. पण जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी १९०८ मध्येच लिहून ठेवलं होतं की शाळेतून युनिव्हर्सिटीत आलेल्या मुलाला शाळेचं गणित विसरावं लागतं, आणि तोच शिक्षक होऊन शाळेत परतला की युनिव्हर्सिटीचं विसरावं लागतं, दोन्ही बाजूंनी खंड. डेन्मार्कचे कार्ल विन्सलो आणि त्यांचे सहकारी यांनी हा दुहेरी खंड एटीडीच्या भाषेत पुन्हा मांडला, आणि भावी शिक्षकांसाठी ही दरी बुजवणारे कोर्स कसे असावेत यावर आता बरंच काम होतंय. तुम्ही एमएस्सी करून शिकवताय म्हणजे हा खंड स्वतः अनुभवलाय, रिअल ॲनालिसिसमध्ये वास्तव संख्या कट किंवा कोशी सीक्वेन्स अशा औपचारिक रचनांनी बांधल्या आणि शाळेत गेल्यावर "ज्यांचं दशांश रूप संपतही नाही आणि आवर्तीही नाही त्या अपरिमेय" एवढंच सांगितलं, या दोघांमध्ये पूल कुठे आहे?

त्याला लागूनच इंजिनिअरिंग, अर्थशास्त्र अशा ठिकाणच्या गणिताचं काम आहे. इंजिनिअरिंगच्या पुस्तकांवरच्या अभ्यासांत असं दिसतं की स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समध्ये बेंडिंग मोमेंट वगैरेंची व्याख्या इंटिग्रलनं होते, पण पुढची गणितं सोडवताना कॅल्क्युलसच्या तासाला घोटून घेतलेल्या इंटिग्रेशनच्या रीती फारशा लागतच नाहीत, आकृतीचं क्षेत्रफळ आणि तयार तक्ते यांवर भागतं. मग पहिल्या वर्षाला तो कॅल्क्युलस नक्की कशासाठी आणि कोणत्या स्वरूपात हवा हा अगदी खरा प्रश्न आहे.

इथून एक जुना वादही पुन्हा वर आलाय. "विद्वानांचं ज्ञान" हीच एकमेव मूळ गोष्ट का मानायची? फ्रॉयडेंथाल यांनी शव्हालारांच्या पुस्तकावर लिहिताना असले आक्षेप घेतलेच होते, आणि विज्ञानशिक्षणातल्या जाँ-लुई मार्तिनाँ यांनी ऐंशीच्या दशकात म्हटलं की शाळेतल्या ज्ञानाचा संदर्भ समाजातले खरे व्यवहारही असू शकतात, फक्त विद्यापीठ नाही. मला हा आक्षेप बरोबर वाटतो. स्टॅटिस्टिक्स घ्या, शाळेत येणारा डेटाचा भाग गणितज्ञांकडून कमी आणि सरकारी मोजणी, विमा, शेतीचे प्रयोग, वैद्यकीय चाचण्या यांतून जास्त आलाय. एटीडीवाल्यांनी हे मान्य करून थिअरी पुष्कळ मोकळी केली, आता ते कुठल्याही दोन संस्थांमधल्या ज्ञानाच्या ये-जा बद्दल बोलतात, वरून खाली एकाच दिशेनं नाही. आणखी एक पथ्य ते पाळतात, संशोधकानं स्वतः कुठल्याच एका संस्थेचं गणित "खरं" मानून बाकीच्यांना मोजायचं नाही, स्वतःचं तटस्थ संदर्भ मॉडेल आधी बनवायचं. थिसिसमध्ये हेच सगळ्यात अवघड जातं, कारण आपण सगळे गणिताच्या डिपार्टमेंटमधून आलेले आणि तिथलं गणित तेच खरं असं अंगात भिनलेलं असतं.

विश्लेषण पुष्कळ झालं, पण मग काही *बनवायचं* का? हो, आणि इथे फ्रान्समधले गणितशिक्षणाचे संशोधक गी ब्रूसो यांचं नाव आधी घ्यावं लागतं. त्यांची सिच्युएशन्सची थिअरी (मुलांना स्वतःच गणित शोधावं लागेल अशी परिस्थिती रचायची) शव्हालारांच्या आधीची, ताकदीनं तितकीच मोठी. त्यांचा कोड्याचा प्रयोग तुम्हाला माहीत नसेल तर ऐका. तुकडे जुळवून चौकोन होईल असं एक कोडं मुलांना देतात आणि सांगतात, हेच मोठं करा, मूळ कोड्यात जी बाजू ४ सेंमी आहे ती नव्यात ७ व्हायला हवी. गटातल्या प्रत्येकानं आपापला तुकडा मोठा करायचा आणि मग जोडायचे. बहुतेक मुलं काय करतात, ४ चे ७ म्हणजे ३ वाढले, मग सगळीकडे ३ मिळवा. कापतात, जोडायला जातात, आणि तुकडे बसतच नाहीत. आधी एकमेकांवर खेकसतात की तू नीट कापलं नाहीस, पुन्हा मोजतात, पुन्हा कापतात, तरी बसत नाही. शिक्षक यात चूक-बरोबर एक अक्षर बोलत नाही, तुकडेच सांगतात की बेरीज चालणार नाही. तिथून मुलं हळूहळू विचारायला लागतात की १ सेंमी चं काय व्हायला हवं, आणि ७/४ ही संख्या एक *क्रिया* म्हणून समोर येते. बघा, अपूर्णांकाला त्याचा हरवलेला प्रश्न परत मिळाला. ब्रूसोंना गणितशिक्षणातल्या संशोधनासाठीचं पहिलं फेलिक्स क्लाइन पदक २००३ साठी मिळालं त्यामागे अशीच वर्षानुवर्षांची मेहनत आहे, बोर्दोजवळच्या तालाँस गावातल्या एका शाळेत प्रत्यक्ष वर्गांत केलेली.

शव्हालारांचा अलीकडचा प्रस्ताव त्याहून धाडसी आहे. ते म्हणतात आपण ज्ञान स्मारकांसारखं दाखवतो, या बघा, नमस्कार करा, पुढच्या स्मारकाकडे चला. त्याऐवजी वर्ग एका खऱ्या प्रश्नावरून सुरू करायचा आणि उत्तर शोधताना जे गणित लागेल ते शिकायचं, शोधायचं, तपासायचं. याला स्टडी अँड रिसर्च पाथ म्हणतात. स्पेनमधल्या गटांनी युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षाला लोकसंख्या कशी वाढते असा प्रश्न घेऊन असे कोर्स चालवले आहेत, त्यात सीक्वेन्स, मॅट्रिक्स, डिफरन्शिअल इक्वेशन्स सगळं ओघानं येतं. मला हा मार्ग मनापासून पटतो, पण अडचणीही त्यांच्याच पेपरांतून दिसतात, परीक्षा जुन्या पद्धतीचीच असते, तासांची विभागणी जुनी, मुलांनाही "सर सूत्र सांगा" ची सवय, आणि शिक्षकाला "मलाही उत्तर माहीत नाही, शोधू" असं म्हणायची मुभा कुणी दिलेली नसते. त्यामुळे असे पाथ टिकतात कसे आणि मरतात कशामुळे यावरचं काम आज सगळ्यात जास्त हवंय.

अमेरिकेकडचा प्रवाह वेगळा, शुलमन यांचं १९८६ चं पेडॅगॉजिकल कंटेंट नॉलेज, म्हणजे एखादा विषय शिकवायला लागणारं त्या विषयाचं खास ज्ञान, आणि मग डेबोरा बॉल यांच्या गटाचं शिकवण्यासाठी लागणारं गणित. वाचा नक्की, पण लक्षात ठेवा तिथे प्रश्न "शिक्षकाला काय माहीत असायला हवं" असा असतो, आणि इथे "शिकवायचं म्हणून जे ठेवलंय ते असं का आहे" असा. दोन्ही एकत्र करायला हरकत नाही, फक्त गोंधळ नको.

डिजिटल साधनांचा भाग अजून पुरता पिकलेला नाही, म्हणून तिथे जागा आहे. फ्रेंच संशोधक निकोला बालाशेफ यांनी नव्वदच्या दशकातच दाखवलं होतं की गणित मशीनमध्ये घालतानाही त्याचं रूपांतर होतं. मघाचंच (x² − 4)/(x − 2) ग्राफिंगच्या ॲपवर काढा, बऱ्याचदा सरळ अखंड रेषा दिसते, x = 2 वरचं भोक दिसतच नाही कारण पडद्यावर बिंदूला जाडी असते. डायनॅमिक जॉमेट्रीत, म्हणजे आकृती ओढून बदलता येते अशा सॉफ्टवेअरमध्ये, रेषाखंडावर मधेच एक बिंदू ठेवा आणि टोक ओढा, तो बिंदू कुठे जाईल? युक्लिडकडे याचं उत्तर नाही, ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानं ठरवलं, आणि मूल ते भूमितीचा नियम म्हणून शिकतं. आता एआयचे चॅटबॉट आलेत. मी जे बघतोय त्यात ते पाठ्यपुस्तकाचीच वाट अतिशय गोड भाषेत पुन्हा सांगतात, अवयव पाडा, खोडा, २ घाला. नूस्फिअरमध्ये हा एक नवीन खेळाडू शिरलाय आणि त्याचं प्रॅक्सिओलॉजिकल विश्लेषण करायला आज तुम्हाला एक लॅपटॉप आणि भरपूर चिकाटी पुरे.

टॉपिक निवडताना "डिडॅक्टिक ट्रान्सपोझिशन ऑफ कॅल्क्युलस" असलं अगडबंब काही घेऊ नका, तीन वर्षं नुसती वाचण्यात जातात. एकच कल्पना घ्या, लॉग, निरपेक्ष किंमत, कोन, सरासरी, डिटर्मिनंट, काहीही. ती गणितात कुठल्या प्रश्नासाठी आली ते मूळ लेखनापर्यंत जाऊन बघा. मग तीन पिढ्यांची पाठ्यपुस्तकं शेजारी ठेवा आणि प्रत्येकातलं *प्रत्येक* उदाहरण कामाच्या प्रकारानुसार कोड करा, नुसती व्याख्या आणि प्रस्तावना वाचून थांबू नका, कारण पुस्तक काय म्हणतं ते व्याख्येत असतं पण पुस्तक काय *करून घेतं* ते सरावसंचात असतं. परीक्षेचे पेपरही त्याच कोडनं तपासा. एवढं झाल्यावरच वर्गात जा, दोन-तीन शिक्षकांचे तास पूर्ण रेकॉर्ड करा, परवानग्या आधी घ्या, आणि मुलांनी विचारलेले जे प्रश्न धड्यात बसले नाहीत म्हणून बाजूला पडले ते सगळे वेगळे लिहून काढा. थिसिसचं सगळ्यात दमदार प्रकरण बहुधा त्याच यादीतून निघेल.

भाषेची अडचण येईल, मूळ बरंच फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये आहे. इंग्रजीत सुरुवातीला बॉश आणि गास्कोन यांचा ट्रान्सपोझिशनच्या पंचवीस वर्षांचा आढावा घेणारा २००६ चा लेख वाचा, मग वर सांगितलेला लिमिटचा पेपर, मग युनिव्हर्सिटी पातळीसाठी विन्सलो. हे तीन झाले की तुमच्याच शिकवण्यातला एखादा धडा घेऊन त्याचे चार भाग करून बघा, आणि स्पष्टीकरणाची जागा रिकामी निघाली तर ती कुणी, कधी आणि कशासाठी रिकामी केली याचा माग काढायला लागा.